हवामानवालीला मारण्याची कारणं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळपासून तिला दहा-अकरा वेळा मारलं. दरीत ढकलली, बर्फात गोठवली, एकदा विष घातलं. आणि एका बहाद्दराने तर कमालच केली – अर्ध्या ओळीत उरकली! "ती आधीच गेली होती." बस्स. पुढच्या ओळीत दादा चहा पितोय.

मालिका बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी चाहते तिच्या गोष्टी लिहितच असतात. नेटवर, टोपणनावाने, फुकट. डोंगरातल्या बचावपथकाची मालिका. पथकाचा प्रमुख दादा, सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. त्याची बायको हवामान खात्यात नोकरीला. मालिकेत तिला चांगलं नाव आहे, पण चाहत्यांमध्ये ते कुणी घेत नाही. "हवामानवाली" म्हणतात. चौथ्या पर्वाच्या शेवटी दरड कोसळते, दोर एकच असतो, दादा तिला आधी वर पाठवतो. ती वर पोचते. तो खाली राहतो. जिवंत राहिली, एवढाच तिचा गुन्हा!

चाहते आपल्या गोष्टींमध्ये ठरावीक पात्रांचे हाल का करतात – हा माझ्या प्रबंधाचा विषय. मालिकेत पात्रं रग्गड आहेत. पण हाल बघायचे तर हिचेच बघावेत. गाइडबाई म्हणाल्या होत्या, "एकच पात्र धर आणि खोल जा." गेले खोल. आता वर काढणार कोण?

आईंनी दारातून विचारलं, "जेवणार आहेस की कागदच खाणार?" आई म्हणजे सासूबाई. मुलींच्या वसतिगृहात सगळी नोकरी मेट्रन म्हणून काढली, आवाज अजून तसाच आहे. त्यांनी हाक मारली की मी अजूनही दचकून उभी राहते. घरात आम्ही दोघीच. तो, माझा नवरा, गेल्यापासून.

५ फेब्रुवारी

नणंदबाईंचा फोन. आईंना कायमचं न्यायला येणार. महिनाअखेरीला. "वहिनी, तू तरी किती दिवस करणार गं? तुझं आयुष्य आहे पुढे." पुढे म्हणजे कुठे, ते नाही सांगितलं.

आई काय म्हणाल्या? "बघू." वसतिगृहात त्यांचं "बघू" म्हणजे "नाही" असायचं, असं त्याच सांगायच्या. आता काय असतं कुणास ठाऊक. त्यांनी मला विचारलं नाही. मीही त्यांना विचारलं नाही. दोघी मिळून वाटाणे सोलत बसलो.

मला त्या जायला नको आहेत. इथे लिहून ठेवते, म्हणजे कुठेतरी तरी बोलून झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

या लोकांच्या पद्धती एकेक! प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर सूचना लिहायची. आत कुणाला मार बसतो, कुणाला ताप येतो, कुणी मरतं – सगळं आधी सांगायचं. वाचणाऱ्याच्या काळजाला धक्का नको म्हणून. पथकाच्या कुत्र्याचा पाय मुरगळला तरी सूचना असते. खोटं नाही, स्वतः पाहिलं.

फक्त हवामानवालीच्या मरणाची सूचना देत नाहीत. तशी पद्धतच नाही. मला आधी वाटलं नजरचूक असेल. म्हणून त्यांच्या चर्चेच्या पानावर विचारलं. लगेच उत्तर आलं, खाली हसरा चेहरा – "तिच्यासाठी कशाला? तिच्या मरणाने कुणाला धक्का बसतो?"

दुपारभर ते वाक्य डोक्यात. भांडी घासताना तोंडातून जोरात निघालं, "मला बसतो!" आई आतून – "काय बसतं? पाठीत उसण भरली का?"

९ फेब्रुवारी

काही नाही. कपडे धुतले. त्याचा एक मोजा मशीनच्या मागे सापडला. परत तिथेच टाकला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पेन्सिलला भेटले! या जमातीतली सगळ्यात मोठी लेखिका. पेन्सिल हे तिचं टोपणनाव, खरं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. वाटलं होतं कुणी पोरगेलेशी, केस रंगवलेली असेल. माझ्याहून मोठी निघाली. पांढरा कोट, बोटांना पावडर, मशीनच्या आवाजात ओरडून बोलण्याची सवय.

मी माझे प्रश्न काढले. तिने एक बघून बाजूला सारला. "हे राहू दे. तुला दुरुस्ती माहीत आहे का?"

माहीत होतं थोडं. दुरुस्ती म्हणजे मालिकेने जे बिघडवलं ते गोष्टीत नीट करायचं – दादाला परत आणायचं. पण त्यांचा एक घरचा नियम आहे, तो मला आज नीट कळला. कुणी फुकट परत येत नाही. एक आणायचा तर एक द्यायचा. त्याला "मोबदला" म्हणतात. नाहीतर गोष्ट गुळमुळीत होते, असं तिचं म्हणणं. "रडून आणलेलं माणूस खरं वाटत नाही गं. काहीतरी देऊन आणलेलं वाटतं."

आणि मोबदल्यात सगळे देतात कुणाला? हवामानवालीला.

मी म्हटलं, "एवढा राग तिचा?"

ती काच उजेडात धरून बघत होती. "राग? छे! राग असता तर तिचा छळ केला असता, रंगवून रंगवून. आम्ही तर पटकन मारतो. ती स्वस्त पडते, म्हणून. कुणाचं काही जात नाही तिच्या जाण्याने."

मी हे लिहून घेतलं. निघताना म्हणाली, "तू कोणाला देशील?" मी हसून सोडून दिलं.

मी राग शोधत होते! दोन वर्षं! पहिलं अख्खं प्रकरण रागावर आहे.

१३ फेब्रुवारी

गाइडबाईंना सांगितलं – पहिलं प्रकरण फाडावं लागणार. त्यांनी चष्मा काढला.

"तू या विषयाच्या जरा जास्त जवळ गेलीस का?"

मी म्हटलं, विषय मी त्याच्या आधी घेतलाय. नोंदणीची तारीख बघा हवं तर. तेव्हा तो होता. तोच मला "तुझी हवामानवाली काय म्हणते?" असं चिडवायचा. तेव्हा मला ती विनोदी वाटायची हो, बाई!

"तेव्हाचं नाही विचारत," त्या म्हणाल्या.

त्यांना सगळं ठाऊक आहे. तापाच्या साथीत आम्ही दोघं एकाच वॉर्डात होतो. दोघांना एकच औषध, एकच डॉक्टर, एकच नर्स. मी घरी आले. तो नाही आला. यात कुणी काही केलं नाही, कुणी काही चुकवलं नाही. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." एवढंच. त्यावर कुठलं प्रकरण लिहिणार?

मुदत वाढवून देते म्हणाल्या. नको म्हटलं. घरी बसून करू काय?

१६ फेब्रुवारी, रविवार

आई माझे कागद वाचताहेत!! छापून ठेवलेल्या गोष्टी, टेबलावरच्या. भिंग घेऊन, खुर्ची खिडकीकडे ओढून. मी बाजारातून आले तर बाई अर्ध्या गठ्ठ्यावर.

माझं तर धाबंच दणाणलं. त्या गठ्ठ्यात सगळ्या दुरुस्तीच्याच गोष्टी. बायको मरते, तो घरी येतो. बायको मरते, तो घरी येतो. आणि वाचतंय कोण!

मी म्हटलं, "आई, ते राहू द्या, कंटाळवाणं आहे."

"कंटाळवाणं कसलं? छान लिहितात पोरं. पण ही बाई कुणाचं काय घोडं मारते? सारखी मारतात बिचारीला! आमच्या वसतिगृहात अशी एक होती. काही झालं की तिचंच नाव पुढे."

पिशवी ठेवायला आत गेले आणि तिथेच उभी राहिले. बिचारी म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी

आज जेवताना आईंचा प्रश्न – "दादाला आई नव्हती का?"

मालिकेत? मी आठवून पाहिलं. कधी उल्लेख नाही. आणि गोष्टींत? शेकडो गोष्टी वाचल्यात मी. मित्र आहेत, शत्रू आहेत, कुत्रा आहे, शाळेतली मैत्रीण आहे. आई एकाही गोष्टीत नाही. एकाही!

"तो परत येतो तेव्हा दार कोण उघडतं मग?" आई म्हणाल्या. "इतके लोक लिहितात आणि एकालाही सुचू नये? तुझ्या संशोधनात भोक आहे गं, हे एवढं." हाताने भोक दाखवलं, ताटाएवढं.

मी हसले. त्याही हसल्या. किती दिवसांनी! मग म्हणाल्या, "मीच लिहिते एक. त्याच्या आईची. काय नियम आहेत तुमचे?"

मी सांगितले सगळे. मोबदल्याचा सांगताना जीभ अडखळली. त्यांनी मान डोलावली, जणू वसतिगृहाचं वेळापत्रक ऐकताहेत. "म्हणजे एक आला तर एक गेला. बरं."

१९ फेब्रुवारी

आईंचं लेखन चालू. चष्मा, भिंग, पाठकोरे कागद, दार लोटून घेतात! मी चहा द्यायला गेले तर कागदावर हात आडवा. शाळेतल्या पोरीसारखा.

मला भीती वाटते. सरळ लिहून टाकते – त्यांच्या गोष्टीत कोण मरणार, याची भीती वाटते. वेडेपणा आहे. सासू डोंगरातल्या माणसांची गोष्ट लिहिते आणि सून दारामागे घाबरते! कुणाला सांगितलं तर हसतील. पण त्या नणंदबाईंकडे जायला निघाल्यात, आणि का निघाल्यात ते मला माहीत नाही. किंवा माहीत आहे. त्यांच्याकडे बघितलं की त्या नजर उचलून दुसरीकडे ठेवतात. आजची गोष्ट नाही ही. मी घरी आले तेव्हापासूनची.

मला चुकीचं माणूस परत आल्यासारखं वाटतं या घरात. रोज.

२० फेब्रुवारी

नणंदबाई २७ला येतेय. तिकीट काढलं.

आईंनी सगळे कागद फाडले. "नाही जमत," म्हणाल्या. बाकी काही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

हे आजच लिहायला हवं. उद्या मी ते गुळगुळीत करून टाकेन.

दुपारी आई इस्त्री करत होत्या, न्यायचे कपडे. मी घड्या घालत होते. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला नाही आलं लिहायला. तोंडी सांगते. तू मध्ये बोलू नकोस."

मला वाटलं दादाची गोष्ट सांगणार.

"हॉस्पिटलातून सकाळी फोन आला ना त्या दिवशी. कुणीतरी मुलगी होती, थकलेली. म्हणाली, खिडकीकडच्या कॉटला आता धोका नाही. आतल्या कॉटचं मात्र आम्हाला काही करता आलं नाही. आणि ठेवला फोन. तिला अजून दहा घरी फोन करायचे असतील."

मी घडी घालायची थांबले.

"खिडकीकडे तो होता. तूच आदल्या दिवशी सांगितलं होतंस मला फोनवर. आई, त्याला खिडकी मिळालीय, झाडं दिसतात."

हो. सांगितलं होतं मी. आणि मग संध्याकाळी मला गुदमरायला लागलं, तेव्हा तो वॉर्डबॉयला म्हणाला, हिला इकडे घ्या, मी आत जातो. कॉटा बदलल्या आमच्या. फोन करायचं त्राण कुणाला होतं? घरी कुणाला कळवलंच नाही.

"म्हणजे मला काय वाटलं ते कळलं ना तुला?" आई म्हणाल्या. "तासभर. मग तुझ्या नणंदेचा फोन आला, ती हॉस्पिटलात जाऊन आली होती, तेव्हा खरं कळलं. पण तो तासभर माझा मुलगा जिवंत होता आणि तू गेली होतीस."

इस्त्री एकाच जागी थांबली होती.

"रडले मी तुझ्यासाठी. नाही असं नाही. तुझ्या माहेरी काय सांगायचं, कसं सांगायचं, सगळं मनात जुळवलं. पण आतून खूश होते गं. खिडक्या उघडल्या. त्याची चादर बदलली. म्हटलं, अशक्त असेल, आता त्याचं सगळं मीच बघेन, पहिल्यासारखं. गुणगुणत होते मी. गुणगुणत!

"मग आठवड्याने तू आलीस. दारात उभी, नुसता हाडांचा सापळा. मी तुला हात धरून आत घेतलं. आणि मनात काय आलं सांगू? हिचं तर मी सगळं आटपून टाकलं होतं.

"तुझ्या हातचा चहा घेताना रोज तो तास येतो डोळ्यापुढे. तुझ्याकडे बघवत नाही मला. तुझं काही नाही त्यात. मी जाते ते त्यासाठी. तू विचारणार नव्हतीस, म्हणून सांगितलं."

मी काय म्हणाले? इतकं सगळं ऐकून मी काय म्हणाले?

"आई, कापड जळतंय."

२४ फेब्रुवारी

कॉलेजला गेले. वाचनालयात बसले. एक ओळ लिहिली नाही.

गुणगुणत होत्या.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी

राग आलाय मला. आला तर आला! दीड वर्ष मी त्यांची औषधं, त्यांचे गुडघे, त्यांची चादर. दीड वर्ष मी पावलं न वाजवता चालले या घरात, पाहुणी असल्यासारखी. आणि त्या एका सकाळी मला मारून मोकळ्या झाल्या होत्या. सूचनाही न देता.

माहीत होतं की मला! आतून माहीतच होतं. कुठल्या आईला वाटणार नाही? मीच त्यांच्या जागी असते तर? हे सगळं मी स्वतःला कितीदा समजावलंय. पण स्वतःला समजावणं वेगळं आणि त्यांच्या तोंडून, इस्त्री करता करता ऐकणं वेगळं.

आज त्यांनी माझ्यासाठी ताट वाढून झाकून ठेवलं. मी जेवले नाही. मग जेवले. भूक लागली होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पेन्सिलकडे गेले. प्रबंधासाठी नाही. कुणाकडे जायचं तेच सुचेना. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिने मशीन बंद केलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

सांगितलं तिला सगळं. बाहेरच्या बाईला! आईंचा तास, कॉटा, चादर. ती मध्ये एकदाही "अरेरे" म्हणाली नाही, त्याबद्दल तिचे उपकार.

शेवटी म्हणाली, "त्या बाईने दुरुस्ती केली. फक्त तिला तासभर वाटलं ती खरी आहे. आम्हाला माहीत असतं खोटी आहे, म्हणून आमचं निभतं."

मग – "त्या दिवशी तुला विचारलं होतं. तू कोणाला देशील?"

मी म्हटलं, "मला. दुसरं कोण? दीड वर्ष रोज मनात तेच करतेय. तो घरी, मी तिकडे."

तिने मान हलवली. "ते चालत नाही. नियमात नाही. सगळे नवशिके तेच करतात, स्वतःला देतात. त्यात काय गेलं? तुला तर स्वतःचं ओझंच झालंय. ज्याचं ओझं झालंय ते देणं म्हणजे मोबदला नव्हे."

मी चिडले. म्हटलं, हा काय खेळ वाटला का तुम्हाला! ती म्हणाली, खेळ तू सुरू केलास, कागद घेऊन आली होतीस. पावडरीचे हात कोटाला पुसले आणि मला तिच्या डब्यातलं अर्धं सफरचंद दिलं. मी खाल्लं. रडत रडत सफरचंद खाल्लंय कुणी? नाक आणि तोंड दोन्ही एकदम चालत नाही.

बसमध्ये बसून विचार केला – बरं, मी नाही तर कोण? गाइडबाई? त्यांच्या बदल्यात तो येईल असं मला खरं वाटेना. पेन्सिल? तिला मी ओळखते किती! माझी आई तर कधीच गेली. नणंदबाई? तिच्या पोरांचं काय?

मग स्टॉप चुकला माझा. दोन स्टॉप पुढे गेले.

२६ फेब्रुवारी

आईंनी मला स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून दिल्या. कशात काय आहे ते. मी या घरात आठ वर्षं स्वयंपाक करतेय! म्हटलं, "आई, मला माहीत आहे." त्या म्हणाल्या, "असू दे."

रविवारबद्दल दोघीही बोललो नाही. एकदा मला वाटलं त्या बोलणार. "तू..." म्हणाल्या, आणि मग, "तू दुधाचं सांगून ठेव, उद्यापासून एकच पिशवी."

मी सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी

नणंदबाई आली. मिठी मारली, रडली, बारीक झालीस म्हणाली, लगेच आईंच्या वस्तू मोजायला लागली. चांगली आहे ती. मी उगाच तिला इथे टोमणे मारते.

उद्या सकाळी गाडी येणार. आई त्याच्या खोलीत जाऊन आल्या. मी बाहेरच थांबले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चादर धुवायला टाक." एवढंच. एरवी मला कधी त्या चादरीला हात लावू दिला नव्हता.

राहा म्हणावं का? आणि राहून त्यांनी काय करायचं? रोज चहा घ्यायचा आणि मान खाली घालायची? त्यांना वाटतं, या घरात पापी त्या एकट्याच. मी बिचारी. हवामानवाली. जिला लोक मारतात आणि जी कुणाचं घोडं मारत नाही!

मी "माफ केलं" म्हटलं तर त्या आणखीच मरतील. वसतिगृहातल्या मुलींनी माफ केलेलं त्यांना कधी आवडलं नसणार.

मला त्या हव्या आहेत. आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे एकच आहे. बसमध्ये सापडलं, त्या दिवशी, स्टॉप चुकला तेव्हा.

२८ फेब्रुवारी

लिहिली. पानभरच. तो घरी येतो, दारात बूट काढतो, पाणी मागतो. मोबदला – आई. विचार करावा लागला नाही. एक शब्द खोडावा लागला नाही.

सकाळी त्यांना वाचून दाखवली. नणंदबाई ओरडली, "वहिनी, डोकं फिरलंय का तुझं!" आईंनी हात करून तिला गप्प केलं. माझ्याकडे बघत होत्या. सरळ डोळ्यांत.

"खरंच दिलं असतंस?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

"मग झाली फिटंफाट," आई म्हणाल्या. आणि नणंदबाईंना, "तू उद्या जा गं, एकटीच. मी इथेच राहते."

मी खाली जाऊन गाडी परत पाठवली.